खिडकीच्या आतली भाषा

मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषी शहराचा कारभार इंग्रजीतून चालावा, म्हणजे मराठी-हिंदीचा तंटा एकदाचा मिटेल, असे एक मत सुशिक्षितांच्या बैठकांतून अधूनमधून ऐकू येते. ते मांडणारे बहुधा सज्जन असतात. आरडाओरडा त्यांना आवडत नाही, मारामारी तर नाहीच नाही. त्यांचे म्हणणे वरकरणी इतके समंजस वाटते की त्याला विरोध करणारा आपोआप भांडखोर ठरावा. आम्ही तो विरोध करणार आहोत, आणि अस्मितेच्या नव्हे तर न्यायाच्या नावाने करणार आहोत. आमच्या मते इंग्रजी ही या शहरातली तटस्थ भाषा नाही. ज्यांना ती येते त्यांच्या आपापसांतल्या व्यवहारापुरती ती तटस्थ आहे, इतकेच. ज्यांना ती येत नाही त्यांत मराठी आहेत, हिंदी भाषक आहेत, गुजराती, मारवाडी, उर्दू भाषकही आहेत, आणि या सर्वांच्या वतीने हा प्रश्न विचारायला हवा.

या मताला धार आली ती २०२५ च्या उन्हाळ्यानंतर. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला तो बदलून पुन्हा काढला गेला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. त्याच दिवसांत मीरा रोड येथे एका मिठाईच्या दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून मारहाण झाली. त्याची चित्रफीत देशभर फिरली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला, आणि ८ जुलैला मराठी संघटनांनी मोर्चा काढला. त्याआधी पोलिसांनी परवानगी नाकारून नेत्यांना ताब्यात घेतले होते. आठवडाभर हे शहर भाषेच्या भांडणाचे देशव्यापी प्रतीक बनून राहिले. असे काही घडले की दोन्ही बाजूंच्या आवाजाला कंटाळलेला माणूस तिसरे काहीतरी शोधू लागतो, आणि ते तिसरे त्याला इंग्रजीत सापडते. हा कंटाळा आम्हांस समजतो. पण कंटाळ्यातून धोरण करू नये.

प्रथम कायद्याचे बोलू, कारण पुष्कळांचा गोंधळ तिथेच आहे. राजभाषा ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३४५ व्या अनुच्छेदाने राज्याच्या विधानमंडळाला दिला आहे, शहराला नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानुसार १ मे १९६६ पासून मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. मात्र या अधिनियमात महानगरपालिका, नगरपालिका यांच्याविषयी स्पष्ट तरतूद नव्हती, आणि या पळवाटेचा फायदा काही स्थानिक संस्था घेत होत्या. ती पळवाट बंद करण्यासाठी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) अधिनियम २०२२ साली विधिमंडळात संमत झाला. तेव्हा मीरा-भाईंदर महानगरपालिकेने उद्या इंग्रजीचा ठराव केला तरी तो टिकणार नाही. इतक्यावर हा लेख संपवता आला असता.

पण संपवता येत नाही, कारण कायदा आणि व्यवहार यांच्यात अंतर असते आणि ते व्यवहाराच्या बाजूने वाढत जाते. शासनाने मराठीचा कायदा केल्यानंतर पालिकांना तो नि:संदिग्धपणे लागू व्हायला जवळपास सहा दशके गेली. दुकानांच्या मराठी पाट्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. आता पाटी मराठी झाली आहे. पण त्याच पाटीच्या मागे, त्याच इमारतीत, घर विकत घेणारा माणूस ज्या करारनाम्यावर आयुष्याची कमाई लावतो तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. बँकेच्या कर्जाचे कागद इंग्रजीत, विम्याच्या अटी इंग्रजीत. म्हणजे जिथे वाचायला काही नसते तिथे मराठी आणि जिथे वाचल्याशिवाय सही करू नये तिथे इंग्रजी, अशी वाटणी आपण निमूटपणे मान्य केली आहे. इंग्रजीला राजभाषा करा असे म्हणणारे खरे तर नवे काही मागत नाहीत. जे चोरपावलांनी झाले आहे त्याला समोरच्या दाराने आत घ्या, इतकेच ते म्हणतात. म्हणूनच त्यांच्या युक्तिवादाला कायद्याचे कलम दाखवून गप्प करणे पुरेसे नाही.

तो युक्तिवाद आम्ही त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडून पाहतो. पहिली बाजू अशी की, इंग्रजी ही येथे कोणाचीच मातृभाषा नाही, म्हणून ती कोणालाच झुकते माप देत नाही. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि ती हलक्या हाताने बाजूला सारण्याजोगी नाही. मराठी समाजातच इंग्रजीकडे मुक्तीचे साधन म्हणून पाहण्याची परंपरा आहे. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले आहे. ज्यांना संस्कृताच्या आणि पुढे प्रमाण मराठीच्या दारातही उभे राहू दिले गेले नाही, त्यांनी इंग्रजीच्या दारातून आत शिरावे यात नवल नाही, आणि त्यांना मराठीचे प्रवचन देण्याचा अधिकार ज्यांनी दार लावले होते त्यांच्या वारसांना तर मुळीच नाही.

हे सर्व मान्य करूनही आम्ही म्हणतो की येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. इंग्रजी शिकण्याचा हक्क असणे ही एक गोष्ट. इंग्रजीतून राज्य केले जाणे ही दुसरी. पहिलीने माणसाच्या हातात एक साधन येते. दुसरीने ते साधन नसलेल्या माणसाच्या हातातले आहे तेही काढून घेतले जाते. हा फरक मुंबई इलाख्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी चांगलाच ओळखला गेला होता. १८४० च्या दशकात इलाख्याच्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. शंकरशेट इंग्रजीचे शत्रू नव्हते. मुंबईतील इंग्रजी शिक्षणाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पण विद्या बहुजनांपर्यंत जायची तर ती त्यांच्या भाषेतूनच जाईल, असे ते म्हणत. शाळेबद्दल जे खरे ते कचेरीबद्दल दुप्पट खरे आहे, कारण शाळेत मनुष्य शिकायला जातो आणि कचेरीत त्याला काम करून घ्यायचे असते.

आता तटस्थतेकडे येऊ, आणि ती नवघरच्या जमिनीवर उभे राहून तपासू. आज भाईंदर पूर्वेला मोडणारे नवघर हे मूळचे गाव. आसपास मिठागरे, भातशेती आणि खाडी. १२ जून १९८५ रोजी नवघरसह पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धा ही गावे नंतर तीत आली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. एका पिढीच्या आत एवढे मोठे स्थलांतर पोटात घेणाऱ्या गावांची भाषा एक राहत नाही. आगरी बोली बोलणारी घरे, उत्तन-डोंगरी-पालीकडचे कोळी आणि ख्रिस्ती समाज, त्यांची मुंबई शहराहूनही जुनी अशी मराठी, आणि भोवती राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, बिहार, केरळ, कर्नाटक येथून आलेली कुटुंबे. महानगरपालिका स्वत: मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमाच्या शाळा चालवते. त्या शाळांत येणारी मुले ही या शहराच्या खालच्या स्तराची खरी शिरगणती होय.

या मुलांचे आईबाप पालिकेच्या खिडकीशी कशासाठी येतात? जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घरपट्टीवरील नाव बदलणे, नळजोडणी, फेरीवाल्याचा परवाना, धोकादायक इमारतीची नोटीस. यांतली प्रत्येक गोष्ट पोटाशी किंवा डोक्यावरच्या छपराशी बांधलेली आहे. आता या खिडकीत इंग्रजी बसवून पाहा. आगरी म्हातारा अडतो. उत्तनची मासळीवाली अडते. पण त्यांच्याइतकाच गोरखपूरचा भाजीवाला अडतो आणि कच्छची आजीही अडते. मराठी वाचता न येणारा हिंदी भाषक देवनागरी अक्षरे ओळखतो, ‘पाणी’, ‘कर’, ‘नाव’, ‘जन्म’, ‘मृत्यू’ हे शब्द ओळखतो. मराठी नोटिशीचा अर्धाअधिक आशय त्याला शेजाऱ्याला न विचारता लागतो. इंग्रजी नोटिशीचा त्याला काहीही लागत नाही. म्हणजे ज्या परप्रांतीयाच्या सोयीसाठी इंग्रजी आणावयाची, त्यांतला गरीब मनुष्य इंग्रजीमुळे मराठीपेक्षाही दूर फेकला जातो. सोय होते ती फक्त प्रत्येक भाषेतल्या वरच्या थराची. मराठी वकील, गुजराती विकासक, मल्याळी सनदी लेखापाल आणि हिंदी भाषक व्यवस्थापक हे चौघे इंग्रजीत एकमेकांना भेटतात आणि त्या भेटीला ते ‘शहर’ म्हणतात.

नागालँडचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. त्या राज्याने १९६७ साली इंग्रजी राजभाषा म्हणून स्वीकारली, कारण अनेक नागा भाषांपैकी एकीला निवडणे शक्य नव्हते. ती निवड त्यांच्या परिस्थितीत समजण्याजोगी आहे. पण तिथेही बाजारात नागामीज बोलली जाते. लोकांची भाषा एक आणि कागदाची दुसरी, ही फूट तिथे नाइलाजाने पत्करली गेली. आपण ती हौसेने का पत्करावी? नवघरला एक भाषा आहे. ती इथल्या मातीची आहे, तिला लिपी आहे, सातशे वर्षांहून जुने वाङ्मय आहे, आणि इथल्या सातबाऱ्यावर ती आजही नांदते आहे.

सातबाऱ्याचा विषय निघाला म्हणून जमिनीच्या एका कागदाची आठवण करून देतो. १८७० साली ब्रिटिश सरकारने भाईंदर, मीरे, घोडबंदर परिसरातील जमिनींचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांसाठी दिला. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालावेत आणि त्याच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून पिकाचा हिस्सा घ्यावा, असा तो व्यवहार होता. हे हक्क पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले, आणि या कागदाच्या आधाराने जमिनीवर हक्क कोणाचा, बांधकामाला कंपनीचा ना हरकत दाखला लागावा की नाही, हे प्रश्न स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके या शहरात भांडले गेले. त्या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. ते काम न्यायालयाचे. आम्हांस एवढेच दाखवायचे आहे की, ज्यांच्या नातवा-पणतवांची जमीन या कागदाने बांधली गेली त्या कसणाऱ्यांना इंग्रजी कायद्याच्या परिभाषेतला तो पट्टा वाचता येणे शक्य नव्हते. इंग्रजी तेव्हाही ‘तटस्थ’ होती. ती आगऱ्याची नव्हती, कोळ्याची नव्हती, ख्रिस्ती शेतकऱ्याचीही नव्हती. सर्वांना सारखीच अनाकलनीय होती, आणि या समतेचा फायदा कोणाला झाला हे सांगायला नको.

राज्यकारभाराची भाषा आणि रयतेची भाषा यांच्यात अंतर पडले की मधल्या जागेत एक तिसरा मनुष्य उभा राहतो. पूर्वी तो कारकून किंवा मुखत्यार असे, आज त्याला एजंट म्हणतात. तो दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो मदतच करतो. पण त्याचे पोट या अंतरावर चालते, म्हणून अंतर कमी होण्यात त्याला रस नसतो. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. ठरावीक मुदतीत दाखला मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क ठरवला. पण अर्ज कोणत्या शब्दांत आहे हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मुदतीच्या हक्काला काय अर्थ उरतो? भाषेचा प्रश्न हा असा हक्काच्या मुळाशी जाऊन बसतो.

येथवर वाचून मराठीचे अभिमानी खूश झाले असतील, तर त्यांना आता थोडे थांबावे लागेल. इंग्रजीची मागणी निष्कारण उगवलेली नाही. तिला खत आपणच घातले आहे, आणि तेही दोन प्रकारे.

पहिला प्रकार म्हणजे सरकारी मराठी. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, पुढे पदनाम कोश आला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा केली. संचालनालयाने केलेले परिभाषेचे काम प्रचंड आहे आणि ते न वाचता हसणाऱ्यांत आम्ही नाही. पण कोशातला शब्द आणि नोटिशीतले वाक्य यांत फरक असतो. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ ने सुरू होऊन सहाव्या ओळीत क्रियापदाला पोचणारे वाक्य मराठी माणसालाही दोनदा वाचावे लागते. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसीच्या जोखडातून कारभार सोडवण्यासाठी, आणि तो निर्णय थोर होता. तरीही अर्ज, दाखला, जमीन, वसूल हे शब्द आज साडेतीनशे वर्षांनंतर आपल्या दप्तरात आहेत. स्वत: ‘दप्तर’ही आहे. कारण शब्दाचा जन्मदाखला कोणी तपासत नाही. तो खेड्यातल्या शेतकऱ्याला कळतो की नाही, एवढेच पाहिले जाते. सरकारी मराठी ही जर इंग्रजीइतकीच दुर्बोध होणार असेल, तर इंग्रजीवाल्यांना उत्तर देण्याची आपली पात्रता संपली.

दुसरा प्रकार अधिक लाजिरवाणा आहे. राजभाषेचे बंधन कोणावर असते? कायदा वाचा: ते शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर असते. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला मराठी आलीच पाहिजे, त्याने मराठीत बोललेच पाहिजे, मराठीत लिहिलेच पाहिजे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्याला ती आलीच पाहिजे असे राजभाषा अधिनियम म्हणत नाही. उलट राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतो. मिठाईवाल्याच्या कानाखाली मारून मराठी राजभाषा होत नाही. तो मार खात असताना पालिकेतली इंग्रजी टिपणी, बिल्डरचा इंग्रजी करारनामा आणि बँकेचा इंग्रजी अर्ज जागच्या जागी सुखरूप असतो. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराशी भांडणे सोपे आहे, कारण तो समोर आहे आणि एकटा आहे. आयुक्तांच्या कार्यालयात बसून ‘ही निविदा मराठीत का नाही’ असे सहा महिने विचारीत राहणे कठीण आहे. आपण सोपे केले आणि कठीण टाळले. आणि मराठीच्या नावाने झालेल्या त्या सोप्या पराक्रमाने इंग्रजीच्या बाजूला जितके समर्थक मिळवून दिले तितके कोणत्याही इंग्रजी शाळेने दिले नसतील.

बळाने भाषा पसरत नाही हे सांगायला परदेशी जाण्याची गरज नाही. बडोद्याचे गायकवाड घराणे मराठी, प्रजा प्रामुख्याने गुजराती. तिसऱ्या सयाजीरावांनी आपली मातृभाषा रयतेवर लादली नाही. गुजरातीला कारभाराची समर्थ भाषा करण्याचे काम हाती घेतले, आणि १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या संज्ञांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध करवला. राजाला स्वत:ची भाषा सोयीची होती, इंग्रजी तर त्याहून प्रतिष्ठेची होती. त्याने रयतेची सोय पाहिली. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असा हा दाखला आहे, आणि त्यातला धडा आज दोन्ही बाजूंना लागू आहे.

राजभाषा एक असणे आणि इतर भाषांना मज्जाव असणे हेही एक नव्हे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या अधिनियमाने मराठी अनिवार्य केली आहे, पण फलकावर आणखी एक भाषा वापरण्यास मनाई केलेली नाही, असे न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही बजावले. त्याच दिवसांत इकडे हिंदीसक्तीचा निर्णय निघत होता आणि वातावरण तापत होते, म्हणून या निकालाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही. आमच्या मते तोच खरा मार्ग दाखवतो. मराठी पाया, आणि त्यावर गरजेप्रमाणे मदतीची भाषा. पाया काढून मदतीची भाषा उभी राहत नाही.

अमेरिकेतला दाखला काही मंडळी उलट्या अर्थाने देतात, म्हणून त्याविषयी दोन शब्द. तिथे मायामीच्या डेड काउंटीने १९८० मध्ये सार्वमताने इंग्रजीखेरीज अन्य भाषेवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास बंदी घातली आणि १९९३ मध्ये ती बंदी उठवली. नॅशव्हिल शहरापुढे २००९ च्या जानेवारीत सर्व सरकारी कामकाज इंग्रजीतच करण्याचा प्रस्ताव आला, तो मतदारांनी फेटाळला. मार्च २०२५ मध्ये मात्र राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी देशाची अधिकृत भाषा जाहीर झाली. यावरून ‘जगातली मोठी शहरे इंग्रजीकडे जातात’ असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद आहे. तिथे इंग्रजी ही बहुसंख्यांची घरची भाषा आहे. तिथला प्रश्न एवढाच की नव्याने आलेल्यांना त्यांच्या भाषेत मदत द्यायची की नाही. तो प्रश्न आपल्याकडे आणायचा तर ‘इंग्रजी’च्या जागी ‘मराठी’ वाचावे लागेल. आणि मग नॅशव्हिलच्या मतदारांनी दिलेले उत्तर आम्हांस शहाणपणाचे वाटते.

आपल्या शेजारचा दाखला मात्र खरोखर चिंता करण्याजोगा आहे. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा. देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. कोकणी आणि मराठी यांच्या अनुयायांनी त्या काळात एकमेकांवर जी शक्ती खर्च केली तिला तोड नाही. या काळात सचिवालयातील फाईल कोणत्या भाषेत पुढे सरकत राहिली? इंग्रजीत. २०११ साली तर इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र रस्त्यावर उतरावे लागले. दोन बहिणींच्या भांडणात घर तिसऱ्याच्या नावावर झाले. मीरा-भाईंदरमध्ये मराठी आणि हिंदी यांच्या नावाने जे चालले आहे त्याचा शेवट याहून वेगळा होईल असे मानायला आम्हांस काही आधार दिसत नाही. मुंबई महापालिकेने २०२० पासून आपल्या काही शाळा ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने चालवायला घेतल्या. ते नावच इंग्रजीत आहे, यातून वारा कोणीकडे वाहतो ते कळावे.

मग करावे काय? मोर्च्याच्या घोषणांपेक्षा रुक्ष, पण करण्याजोग्या चार गोष्टी आम्हांस सुचतात. पालिकेची प्रत्येक नोटीस आणि प्रत्येक अर्ज अशा मराठीत असावा की सातवी शिकलेल्या नागरिकाला तो एका वाचनात कळेल. कळत नसेल तर तो परत लिहावा. प्रत्येक प्रभाग कार्यालयात त्या अर्जासोबत हिंदी, गुजराती आणि उर्दूत मदतीचे पत्रक ठेवावे. राजभाषेचा मान त्याने कमी होत नाही, वाढतो. घरखरेदीच्या करारनाम्याची मराठी प्रत मागण्याची सवय मराठी संघटनांनी लोकांना लावावी आणि ती मिळेपर्यंत पाठ सोडू नये. आणि पालिकेच्या ज्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात त्यांत प्रौढांसाठी विनामूल्य मराठीचे वर्ग चालवावेत. शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा २०२० मध्ये झाला. पण तो मुलांसाठी आहे. जो पंचविसाव्या वर्षी येथे पोट भरायला आला त्याला मराठी शिकवायची जबाबदारी कोणी घेतली? ज्याला शिकवले नाही त्याला येत नाही म्हणून मारणे, याला अभिमान म्हणत नाहीत.

इंग्रजी जरूर शिकावी. प्रत्येक मुलाने शिकावी, आणि पालिकेच्या शाळेत ती इतकी चांगली शिकवली जावी की त्यासाठी कोणाला घर गहाण टाकावे लागू नये. पण जी भाषा शिकल्यावाचून स्वत:च्या बाळाच्या जन्माचा दाखला मागता येऊ नये, तिला तटस्थ म्हणणे ही आमच्या मते भाषेची आणि न्यायाची दुहेरी थट्टा आहे. नवघरच्या खिडकीच्या आत मराठीच असली पाहिजे. ती सोपी असली पाहिजे, आणि बाहेर उभ्या असलेल्या कोणत्याही भाषेच्या माणसाशी तिने सौजन्याने वागले पाहिजे. या दोन अटी पाळण्याची जबाबदारी मराठीवाल्यांची आहे.